पनीरच्या निवळीतून काय काढावं आणि कशाच्या नादी लागू नये

मेम्ब्रेन, म्हणजे निवळीतले घटक वेगळे करणारी अतिबारीक चाळणी, विकायला आलेल्या पहिल्या माणसानं माझ्या टेबलावर, माझ्याच कॅल्क्युलेटरवर हिशेब मांडला होता. रोजची निवळी (दूध फाटल्यावर सुटणारं पाणी, व्हे) ६,५०० लिटर, त्यात प्रथिन ०.८ टक्के, म्हणजे दिवसाला ५२ किलो प्रोटीन. आणि जिमला जाणारी पोरं डब्याला किती मोजतात ते तुम्हाला सांगायला नको, मॅडम. आकडा झकास होता. फक्त तो चीजच्या निवळीचा होता, आणि आम्ही पनीर करतो.

आमची डेअरी कृष्णाकाठी, सांगली जिल्ह्यात. रोज ८,००० लिटर दूध पनीरला जातं, त्यात म्हशीचं जास्त. चक्का पाडवा-दसऱ्याच्या सुमाराला जोरात, एरवी बेताचा. पिझ्झावाल्यांसाठी मोझरेला सुरू केल्यापासून त्याची वेगळी ३,००० लिटर निवळी निघते. मी उदगीरच्या डेअरी टेक्नॉलॉजी कॉलेजातली. तिथे व्हे शिकले, पण तिचा खरा धडा मिळाला तो ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेच्या, काठावर नाकाला पदर लावून उभी राहिल्यावर. एक लिटर निवळीची बीओडी, म्हणजे त्यातली घाण कुजवायला जंतूंना लागणारा ऑक्सिजन, ३० ते ५० हजार मिलिग्रॅम. आमच्या पनीरच्या निवळीची रोजची गोळाबेरीज अडीचशे किलोच्या वर जाते, म्हणजे पाच-सहा हजार वस्तीच्या गावाचं सांडपाणी एकट्या डेअरीच्या मोरीतून. शेजारच्या शेतकऱ्यांना सुरुवातीला हे पाणी उसाला हवं होतं. एका हंगामानंतर नको झालं. आमच्याकडची जमीन आधीच क्षारपडीला लागलेली, त्यात हे आंबट-खारट पाणी, आणि वास तर असा की वस्तीवरची माणसं भांडायला आली.

हे लिहितेय ते रोज पाच-दहा हजार लिटर निवळी निघणाऱ्यांसाठी. ज्यांच्याकडे स्वतःचा इव्हॅपोरेटर (आटवायचं यंत्र) आणि स्प्रे ड्रायर (पावडर करायचं यंत्र) आहे त्यांचं गणित वेगळं आहे.

आधी निवळी ओळखा

निवळी निवळीत फरक असतो, आणि सगळा खेळ त्या फरकावर आहे. चीजसाठी दूध ७२ अंशांवर १५ सेकंद पाश्चराइज करतात, तेवढंच. दुधातली व्हे प्रथिनं त्यात शाबूत राहतात आणि रेनेट (दूध गोठवणारं एन्झाइम) लावल्यावर निवळीबरोबर बाहेर पडतात. पनीरला आपण दूध ९० अंशांपर्यंत नेतो. त्या उष्णतेनं ही प्रथिनं उलगडतात, केसिनला, म्हणजे दुधातल्या मुख्य प्रथिनाला, चिकटतात आणि सायट्रिक ॲसिड टाकलं की पनीरच्या गोळ्यातच येऊन बसतात. उतारा वाढतो तो त्यामुळेच. म्हणजे जे प्रोटीन मेम्ब्रेननं काढायचं म्हणून विक्रेता तुम्हाला सांगतो, ते तुम्ही आधीच पनीर म्हणून किलोवर विकलेलं असतं.

तरीही लॅबच्या रिपोर्टात प्रथिन ०.४ टक्के येईल. त्यावर भाळू नका. केल्डाल पद्धत नायट्रोजन मोजते आणि त्याला ६.३८ नं गुणते. दुधात युरियासारखा जो प्रथिनाबाहेरचा नायट्रोजन असतो तोही या गुणाकारात प्रथिन म्हणून शिरतो. त्याचा वाटा साधारण ०.२ टक्के. हे रेणू इतके बारीक की यूएफचं (अल्ट्राफिल्ट्रेशनचं, प्रथिन अडवणारं) मेम्ब्रेन त्यांना अडवतच नाही. म्हणून लॅबला स्पष्ट सांगा: १२ टक्के टीसीएनं (ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिडनं) प्रथिन खाली बसवा, वरच्या गाळलेल्या पाण्यातला नायट्रोजन वेगळा काढा आणि वजा करा. उरेल ते खरं प्रथिन.

आम्ही सात दिवस, रोज तीन व्हॅटमधून (दूध फाडायच्या टाक्यांतून) नमुने घेतले, एकदा थंडीत म्हशीचं दूध भरपूर असताना आणि एकदा उन्हाळ्यात गाईचं प्रमाण वाढल्यावर. पनीरच्या निवळीत खरं प्रथिन ०.२ टक्क्यांच्या आसपास, लॅक्टोज ५ टक्क्यांना टेकलेलं, क्षार अर्धा टक्का, सामू ५.३ ते ५.४. मोझरेलाच्या निवळीत खरं प्रथिन ०.६. आता किलोत मांडा. पनीरची ६,५०० लिटर निवळी: १३ किलो प्रथिन, सव्वातीनशे किलो लॅक्टोज. मोझरेलाची ३,००० लिटर: १८ किलो प्रथिन. निम्म्याहून कमी पाण्यात जास्त प्रथिन. हा कागद मी त्या विक्रेत्यापुढे ठेवला तेव्हा त्यानं चहा संपवला आणि तुमच्या चीजबद्दल बोलू या म्हणाला. माणूस वाईट नव्हता, त्याच्याजवळचा तक्ता परदेशातला होता.

नमुने काढताना एक गोष्ट हमखास चुकते. पनीर दाबताना प्रेसमधून निथळणारं पाणी आणि व्हॅटमधून सुटणारं पाणी वेगवेगळं असतं. दोन्ही धरा. मोझरेला ताणायचं गरम पाणी मात्र निवळीत मिसळू देऊ नका. त्यात फॅट असतं, मीठ वापरत असाल तर मीठही, आणि मीठ एकदा आत गेलं की ते पुढच्या प्रत्येक टप्प्यावर तुमच्या मागे येतं.

चक्क्याची निवळी मी मेम्ब्रेनकडे नेतच नाही. सामू साडेचारच्या आसपास, विरजणाचे जिवंत जंतू, विरघळलेलं कॅल्शियम भरपूर, आणि वर कापडाचे धागे. हो, धागे. चक्का टांगायच्या पंच्यांचे बारीक तंतू स्पायरल, म्हणजे गुंडाळी केलेल्या, मेम्ब्रेनच्या थरांमधल्या जाळीत अडकले की ते कुठल्याही केमिकलनं निघत नाहीत. ही आंबट निवळी गाळून, पाश्चराइज करून आम्ही दुसऱ्या दिवशीच्या पनीरला सायट्रिकच्या जोडीनं वापरतो. दूध फाडायला जुनी आंबट निवळी वापरायची रीत मिठाईवाल्यांना फार आधीपासून ठाऊक आहे. सायट्रिकची पोती कमी लागतात, शिवाय थोडं लोक घरी कढीला आणि कणकेला नेतात.

मेम्ब्रेनच्या आधी सेपरेटर

निवळीतून काढायची पहिली मौल्यवान वस्तू मेम्ब्रेननं काढायचीच नाही. ती फॅट. म्हशीच्या दुधाच्या पनीरनंतर निवळीत ०.३ टक्के फॅट आमच्याकडे सहज सापडायचं, जेव्हा व्हॅटवरचा माणूस घाईत असे तेव्हा त्याहून जास्त. ६,५०० लिटरवर हे साडेएकोणीस किलो होतं. सेपरेटरनं ते ०.०५ वर आणलं तर रोज सोळा किलो फॅट क्रीम म्हणून परत येतं. तुपाचा भाव तुम्हीच लावा. आमचा जुना क्रीम सेपरेटर कोपऱ्यात धूळ खात होता, त्याचे बेअरिंग बदलून तो या कामाला जुंपला, आणि पुढच्या मेम्ब्रेनचे हप्ते बऱ्याच अंशी त्यानंच फेडले. ज्यांना मेम्ब्रेन परवडणार नाही त्यांनी एवढंच केलं तरी पुष्कळ झालं.

दुसरं कारण तांत्रिक आहे. फॅट आणि पनीरचा चुरा हे मेम्ब्रेनचे पक्के वैरी. म्हणून आमची साखळी अशी: व्हॅटमधून निवळी सुटते ७० अंशांना. ती आधी स्टीलच्या बारीक जाळीतून, जाळी दोन, एक चालू असताना दुसरी धुवायची. जाळीवरचा चुरा पनीरचाच असतो, तो टाकायचा नाही. मग प्लेट हीट एक्स्चेंजरमधून ४५ अंशांपर्यंत खाली, कारण सेपरेटरला हेच तापमान मानवतं. ही काढलेली उष्णता बॉयलरच्या पाण्याला द्या. आमचे बॉयलरवरचे मामा आधी या पाइपाला नावं ठेवत होते. दिवसाची पन्नासेक किलो ब्रिकेट वाचायला लागल्यावर आता तोच पाइप पाहुण्यांना दाखवतात. सेपरेटरनंतर निवळी लगेच ८ ते १० अंशांवर आणायची आणि झाकलेल्या टाकीत घ्यायची.

मोझरेलाच्या निवळीत कल्चर जिवंत असतं, ती सेपरेटरनंतर पाश्चराइज करावीच लागते. नाहीतर तीन तासांत ती तुमच्या डोळ्यांदेखत आंबते, आणि आंबलेल्या निवळीचं प्रथिन मेम्ब्रेनवर लुकणासारखं बसतं. पनीरची निवळी ९० अंशांच्या दुधातून आलेली असते, जंतूंचा प्रश्न कमी. पण उघड्या हौदात ठेवली की तीही तीच.

२० ते ४० अंश हे तापमान निवळीसाठी धोक्याचं समजा. एकतर १० च्या आसपास चालवा, नाहीतर ५० ला. काही मोठे कारखाने ५० ला चालवतात, कारण गरम निवळी पातळ होते आणि मेम्ब्रेनमधून दुप्पटीच्या आसपास वेगानं जाते. पण गरम केल्यावर कॅल्शियम फॉस्फेट कमी विरघळतं आणि छिद्रांवर पांढरा थर धरतं. आमच्याकडे आइस बँक टँक होताच, आम्ही थंड पकडलं. वेग कमी, पण रात्री झोप लागते.

कोणतं मेम्ब्रेन कशाला

पिठाची चाळण, रव्याची चाळण आणि गव्हाची चाळण, इतकंच हे आहे, फक्त भोकं डोळ्यांना दिसत नाहीत. लॅक्टोजचा, म्हणजे दुधातल्या साखरेचा, रेणू ३४२ डाल्टनचा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं माप). व्हेमधली मुख्य प्रथिनं, अल्फा-लॅक्टाल्ब्युमिन साधारण १४,०००, बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन १८,०००, लॅक्टोफेरिन ८०,००० च्या आसपास. म्हणून प्रथिन अडवून लॅक्टोज सोडायचं तर १०,००० डाल्टनचं यूएफ, दाब चार-पाच बार. लॅक्टोज अडवून मीठ आणि पाणी सोडायचं तर एनएफ (नॅनोफिल्ट्रेशन), दीडशे ते तीनशे डाल्टन, दाब वीस-पंचवीस बार. सगळंच अडवून नुसतं पाणी काढायचं तर आरओ (रिव्हर्स ऑस्मोसिस), दाब तीस-चाळीसच्या घरात. घरोघरी ओट्यावर जे आरओचं यंत्र टांगलेलं असतं त्याच्या मुळाशी असलेलं असमरूप पटल (वर पातळ घट्ट कातडी, खाली सच्छिद्र थर असलेलं मेम्ब्रेन) १९६० च्या सुमाराला कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि आपल्याकडचे श्रीनिवास सौरीराजन यांनी बनवलं. निवळीला ही यंत्रं लागली ती त्यानंतर दहा-बारा वर्षांनी.

चाळणीशी साम्य एका जागी संपतं. चाळणीवर पीठ ओतून आपण थांबतो. इथे निवळी मेम्ब्रेनवर सरळ आदळत नाही, तिच्या अंगावरून जोरात वाहते, आणि वाहता वाहता थोडा भाग आरपार जातो. तो परमिएट. जो पुढे वाहत राहतो आणि घट्ट होत जातो तो रिटेंटेट. हा वाहण्याचा जोर म्हणजेच मेम्ब्रेनचं आयुष्य. वीज वाचवायला म्हणून सर्क्युलेशन पंप मंद केला की पहिल्या तासाला फरक दिसत नाही, चौथ्या तासाला सगळं बसलेलं असतं.

आमची मांडणी शेवटी अशी ठरली. मोझरेलाची निवळी यूएफला. तिचं परमिएट आणि पनीरची निवळी मिळून एनएफला. एनएफचं परमिएट आरओला. पनीरच्या निवळीला यूएफ नाहीच. ८० टक्के प्रोटीनची पावडर करायची तर डायाफिल्ट्रेशन लागतं, म्हणजे रिटेंटेटमध्ये पाणी ओतत राहून लॅक्टोज धुवून काढायचं. ते धुतलेलं पाणी पुन्हा तुमच्याच डोक्यावर. वर स्प्रे ड्रायर. ३० किलो प्रथिनासाठी हा संसार मांडू नका.

मेम्ब्रेन किती चौरस मीटर

कोटेशनमध्ये हा आकडा शेवटच्या पानावर असतो, तो पहिला बघा. हिशेब साधा आहे: जितकं परमिएट काढायचं, भागिले तास, भागिले एका चौरस मीटरमधून तासाला जाणारे लिटर.

३,००० लिटर मोझरेला निवळी दहापट घट्ट करायची, म्हणजे ३०० लिटर उरवायची, २,७०० काढायची. पाच तासांत म्हणजे तासाला ५४०. थंड निवळीवर सरासरी १५ लिटर धरले तर ३६ चौरस मीटर. त्यावर वीस टक्के वाढीव घ्या, कारण सरासरी म्हणजे सुरुवातीचे पंचवीस आणि शेवटचे आठ यांची सरासरी. विक्रेता पंचवीसवर हिशेब करून स्वस्तातलं कोटेशन देतो.

एनएफला ६,५०० आणि २,७०० मिळून ९,२०० लिटर. ६ टक्के घन पदार्थांपासून २० पर्यंत नेलं की साधारण २,६०० लिटर उरतात, ६,६०० जातात. आठ तास, चौरस मीटरला दहा लिटर, म्हणजे ८२ चौरस मीटर, तेही वाढीव न धरता.

घेण्याआधी पायलट यंत्र मागवा, तुमच्याच निवळीवर, निदान आठवडाभर. दोन तासांच्या डेमोत प्रत्येक मेम्ब्रेन सुंदर चालतं. तुम्हाला बघायचंय ते सातव्या दिवशी धुतल्यानंतर ते पहिल्या दिवसासारखं चालतं का. आणि स्पायरल एलिमेंटची, म्हणजे मेम्ब्रेनच्या एका गुंडाळीची, जाळी जरा जाड घ्या. ३१ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाळी घेतली की त्याच जागेत जास्त क्षेत्रफळ बसतं, पण पनीरचा चुरा एखाद्या दिवशी निसटतोच. आम्ही ४६ मिलची घेतली.

चालवताना

सुरुवात नेहमी मऊ पाण्यानं. आधी हवा काढा, मग पंप, मग दाब हळूहळू. एकदम व्हॉल्व्ह बंद करून दाब चढवला की स्पायरलचे थर दुर्बिणीसारखे एकातून एक बाहेर सरकतात आणि एलिमेंट गेलं. एका एलिमेंटच्या दोन टोकांमधला दाबाचा फरक एक बारच्या आत ठेवा. तो वाढायला लागला तर आत काहीतरी अडकतंय.

दर अर्ध्या तासाला वहीत चार आकडे: आतला दाब, बाहेरचा दाब, परमिएटचा वेग, आणि दोन्ही बाजूंचं ब्रिक्स (विरघळलेल्या घन पदार्थांचं माप). हातातलं रिफ्रॅक्टोमीटर पुरतं. एनएफच्या परमिएटचं ब्रिक्स आमच्याकडे ०.५ च्या आसपास असतं. यूएफच्या परमिएटमध्ये लॅक्टोज असणारच, तिथे ब्रिक्सवरून फाटलंय का कळत नाही. तिथे टेस्ट ट्यूबमध्ये परमिएट घेऊन टीसीएचे काही थेंब टाका. गढूळ झालं तर प्रथिन गळतंय. काही ऑपरेटर उकळून बघतात. ते करू नका. चांगल्या मेम्ब्रेनचं परमिएटही उकळल्यावर पांढरट होतं, कारण त्यातलं कॅल्शियम फॉस्फेट खाली येतं. या उकळण्यापायी आम्ही एक धडधाकट हाउसिंग (मेम्ब्रेन बसवलेली नळी) उघडून दिवस घालवलाय.

एनएफला २० टक्क्यांवर थांबा. अजून दोन टक्के ओढायचा मोह होतो, टँकर तेवढा हलका. पण हे कॉन्सन्ट्रेट आपण ४-५ अंशांवर साठवतो, आणि थंडीत लॅक्टोज फारसं विरघळत नाही. जास्त घट्ट केलंत की रात्रीत टाकीच्या तळाशी वाळूसारखे खडे बसतात. मग फावडं घेऊन माणूस टाकीत उतरवावा लागतो.

धुणं

मेम्ब्रेन निवळीनं मरत नाही, धुण्यानं मरतं. किंवा न धुण्यानं.

रन संपला की एक मिनिटही थांबायचं नाही. चहा नंतर. मऊ पाण्यानं ढकलत राहायचं. पहिलं निघणारं दुधी पाणी ईटीपीला न देता परत एनएफच्या टाकीत घ्या, त्यात माल आहे. पाणी स्वच्छ दिसल्यावर अल्कली डिटर्जंट, सामू १०.८ ते ११, तापमान ४८ ते ५०, अर्धा तास. ११ च्या वर नाही, ५० च्या वर नाही, आणि दोन्ही एकदम वर तर नाहीच. मग पाणी. मग ॲसिड, सामू २, वीस मिनिटं, खनिजांसाठी. मग पाणी. मग पुन्हा हलकी अल्कली. यूएफमध्ये प्रथिनाचा थर चिवट झाला असेल तर आठवड्यातून एकदा एन्झाइमचं डिटर्जंट. क्रम उलटा करू नका. आधी ॲसिड मारलं तर उरलेलं प्रथिन जागच्या जागी थिजतं.

धुण्याचं पाणी बोअरचं असेल तर आधी ते तपासा. आमच्या बोअरला लोह आहे. साध्या दुधाच्या भांड्यांना चालून जायचं, मेम्ब्रेनवर तांबूस थर बसायला लागला. सॉफ्टनर आणि लोह काढणारा फिल्टर हा खर्च कोटेशनमध्ये नसतो, तुमच्या वहीत असू द्या.

आता आमची चूक. यूएफचं मेम्ब्रेन पॉलिइथरसल्फोनचं, ते अल्कलीत २०० पीपीएमपर्यंत क्लोरीन सोसतं, आणि आम्ही शेवटच्या अल्कलीत थोडं हायपो (क्लोरीन देणारं सोडियम हायपोक्लोराइट) टाकायचो. एनएफ आणि आरओ पॉलिअमाइडची, त्यांना क्लोरीन म्हणजे विष. हे मला माहीत होतं, शिफ्टच्या दोन ऑपरेटरांना माहीत होतं, भिंतीवर लिहिलेलं नव्हतं. रात्रपाळीला आलेल्या नव्या पोरानं यूएफच्या सवयीनं एनएफच्या सीआयपी टाकीतही (यंत्र न उघडता आतून धुवायच्या केमिकलची टाकी) मग भरून हायपो ओतलं. सकाळी वेग मस्त, सगळे खूश. मी परमिएटचं ब्रिक्स बघितलं, दीड. लॅक्टोज गळत होतं. मेम्ब्रेनची कातडीच गेली होती. सगळा सेट बदलला. पोराला मी काही बोलले नाही, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आता दोन सीआयपी टाक्यांना दोन रंग आहेत, हायपोचा कॅन कुलपात असतो आणि किल्ली यूएफच्या पॅनलला टांगलेली असते. अचानक वेग वाढला तर आनंद मानण्याआधी ब्रिक्स बघा.

धुतल्यावर पाण्याचा वेग मोजायचाच. मेम्ब्रेन नवं कोरं असताना, ठरावीक दाबाला, २५ अंशांच्या मऊ पाण्यावर जो वेग येतो तो वहीच्या पहिल्या पानावर लिहा. रोज त्याच दाबाला तुलना करा. पाण्याचं तापमान एक अंश बदललं की वेग साधारण तीन टक्के बदलतो, ते धरून घ्या, नाहीतर डिसेंबरच्या सकाळी उगाच घाबराल. दोनदा नीट धुऊनही ८० टक्क्यांच्या खालीच राहिलं तर धुण्याची पद्धत चुकतेय किंवा मेम्ब्रेनचं वय झालंय. सांभाळलंत तर यूएफ दोन-तीन वर्षं जातं.

निघालेल्या मालाचं काय

यूएफचे ३०० लिटर, त्यात घन पदार्थांपैकी जवळपास निम्मं प्रथिन. ते आम्ही पाश्चराइज करून आमच्याच फळांच्या व्हे ड्रिंकमध्ये घालतो. ७० अंशांच्या वर रेंगाळलं तर ते घट्ट व्हायला लागतं, तापवा आणि लगेच उतरवा. ज्या पदार्थाच्या मानकात व्हेचे घन पदार्थ चालतात त्यातच घाला, लेबलवर लिहा, एफएसएसएआय परवान्यात तो पदार्थ चढवून घ्या. पनीरच्या दुधात गुपचूप परत ढकलायचा सल्ला मला दोघांनी दिला होता.

एनएफचे २,६०० लिटर कॉन्सन्ट्रेट पावडर करणाऱ्या मोठ्या प्लांटला जातं. आधी रोज ६,५०० लिटर पाणी फुकटही कुणी नेत नव्हतं. आता दोन दिवसांनी पाच हजारांचा टँकर येतो. लॅक्टोजचे स्फटिक स्वतः करायचं माझ्याही मनात आलं होतं. त्यासाठी ६० टक्क्यांच्या वर आटवायचं, बी पेरून बारा-पंधरा तास सावकाश थंड करायचं, सेंट्रिफ्यूज, वाळवणी. इव्हॅपोरेटरशिवाय यातलं पहिलं पाऊलही पडत नाही. ज्याच्याकडे तो आहे त्याला द्या. मात्र यंत्र घेण्याआधी गिऱ्हाईक बघा, आणि त्याला किती आम्लता चालते ते लेखी घ्या. पनीरची निवळी आंबट असते, सगळ्यांना ती चालत नाही.

आरओमधून रोज पाच हजार लिटरच्या आसपास पाणी निघतं. ते बॉयलरला आणि कूलिंग टॉवरला जातं, बॉयलरला देण्याआधी सामू जुळवून. मालाला लागणाऱ्या भांड्यांना मी ते वापरत नाही. उरलेलं खारं पाणी ईटीपीला, त्यात साखर जवळपास नसल्यामुळे ईटीपीचे जंतू आता सोमवारी जिवंत सापडतात. तेही शेतात सोडू नका, क्षार तेवढेच आहेत. आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्रात हा नवा प्रवाह दाखवून घ्या. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला नकाशात नसलेला पाइप आधी दिसतो, त्यातलं स्वच्छ पाणी नंतर.

दिवाळीला प्लांट चार दिवस बंद असतो. तेव्हा एनएफ आणि आरओ नुसत्या पाण्यात ठेवलीत तर पाचव्या दिवशी हाउसिंगमधून शेवाळी वास येतो. नीट धुऊन, ०.२५ टक्के सोडियम मेटाबायसल्फाइटच्या द्रावणात भरून दोन्हीकडचे व्हॉल्व्ह बंद करा. कोरडी तर कधीच ठेवू नका, एकदा सुकलेलं मेम्ब्रेन पुन्हा आधीसारखं पाणी सोडत नाही. आणि हाउसिंगवर पुठ्ठा बांधून ठेवा: आत केमिकल आहे, सुरू करण्याआधी अर्धा तास धुवा. आमचा पुठ्ठा मामांनी लिहिलाय, त्यात ‘मेम्ब्रेन’ चुकलंय, पण वाचतात सगळे.